कोरडंठाक हाय, साहेब

मुरल्या, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. माझं नाव पुकारलं होतं, पुन्हा एकदा पुकारलं, मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, नेकनूरपासूनचा दोस्त गेलाय, गडी गहिवरला. गहिवरलो नव्हतो. मी भिंतीकडं बघत होतो. ज्या भिंतीला टेकवून तुझा हार घातलेला फोटो ठेवला होता, तिला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आले होते, पांढरा खार फुटला होता. सगळी हयात तू लोकांच्या भिंतींची ओल शोधत फिरलास आणि तुझाच फोटो नेऊन ओल्या भिंतीला टेकवला. तू असतास तर आधी फोटो हलवायला लावला असतास आणि मग मंगल कार्यालयाच्या मालकाला बाहेर बोलावलं असतंस.

एकेक जण उठून बोलत होता. शांत स्वभावाचे, मितभाषी, कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी मनात म्हणालो, हे कुणाबद्दल चाललंय बे? पालिकेचा स्वच्छता निरीक्षक म्हणून अर्ध्या बीडला नोटिसा दिलेला माणूस तू. त्यातल्या दोन तर मला दिल्यास, तुझ्या सख्ख्या दोस्ताला. सभा संपल्यावर लोक ओळीनं फोटोच्या पाया पडत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं पालथा हात भिंतीला लावला. गार होती, आतून ओली. मान वर केली तर सुमनवहिनी माझ्याकडंच बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

सभेत बोललो असतो तर आपला तो वाद काढावा लागला असता. तो चारचौघांत काढण्यासारखा नाही. म्हणून इथं काढतो. तू मध्ये बोलायचं नाही, ही संधी मला पहिल्यांदाच मिळतीय.

आपण दोघं बीडला आलो तेव्हा बसस्टँडच्या मागं खोली घेतली होती, आठवतं का? खोली कसली, मालकाच्या न्हाणीला चिकटून काढलेली जागा. एक भिंत न्हाणीची होती. मालकाच्या घरातलं माणूस अंघोळीला बसलं की भिंतीचा रंग बदलायचा. कोरडी जागा एकाच अंथरुणापुरती होती. पहिल्याच दिवशी तू तुझं अंथरूण भिंतीकडं टाकलंस. "तुला सर्दी लवकर होती बे, तू तिकडं सरक," म्हणालास. मला सर्दी काही लवकर होत नव्हती. मी सरकलो. मग तू भिंतीकडनं झोपायचास आणि खोकायचास, आणि मी म्हणायचो, जरा हळू खोक, झोपू दे.

मालक भाड्याला आला की दारात उभा राहून विचारायचा, "काय रे पोरांनो, खोलीत ओलबिल न्हाई ना?" आणि तू पाठीमागं भिंत झाकून ताठ उभा राहायचास. "न्हाई काका, कोरडी हाय." ओल हाय म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग दुसरी बघा. दुसरी कुठं होती आपल्याला?

त्या कोरड्या जागेबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची रीत नव्हती. आज म्हणतो, लई उपकार केलेस माझ्यावर. हे ऐकून तू जे तोंड वाकडं केलं असतंस ते मला इथं बसून दिसतंय.

पुढं तू पालिकेत लागलास, मी दूध संघात. भाड्यानं दिलेल्या इमारतींची तपासणी तुझ्याकडं आली आणि तुझं ते सुरू झालं. खोलीत शिरायचं, भाडेकरूला विचारायचं, "ओल हाय का?" तो काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचं, आणि तो काहीही सांगो, लेकराचा ताप बघावा तसा पालथा हात भिंतीला लावायचा. लोकांनी तुझं नाव ओलसाहेब पाडलं. पोरं गल्लीच्या तोंडाशी ओरडायची, ओलसाहेब आले, ओलसाहेब आले. तुला राग यायचा नाही. मला यायचा, कारण माझ्या पोरांच्या तोंडीही तेच नाव बसलं होतं.

आमची तीन मजली इमारत तुला माहितीच होती. दूध संघातल्या आणि सूतगिरणीतल्या आम्ही नोकरदारांनी सहकारी गृहसंस्था काढून ती बांधली. चेअरमन व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी बिनविरोध झालो आणि नंतर मला कोणी उतरूच दिलं नाही. हळूहळू एकेक सभासद बदली घेऊन, नाही तर पोरांच्या शिक्षणापायी पुण्या-औरंगाबादला गेला आणि फ्लॅट भाड्यानं दिला. दुष्काळ पडला तशी खेड्यातली माणसं त्या फ्लॅटांत भरली. एकेका फ्लॅटात मधे पडदा लावून दोन-दोन बिऱ्हाडं. गावाकडं विहिरी आटलेल्या, इथं निदान टँकर गेटापर्यंत यायचा. आमच्या संघातसुद्धा दुधाचे कॅन रिकामेच आपटायचे त्या दिवसांत.

त्याच उन्हाळ्यात जुन्या वस्तीत एका भाड्याच्या घराचा सज्जा कोसळला. वरून हुकूम आला, भाड्याच्या सगळ्या इमारती तपासा. तू आमच्या गेटातून आत आलास तेव्हा मी चहा सांगायला पोरगं पाठवत होतो. तू हातानंच त्याला थांबवलंस.

"आज तुझा चहा न्हाई. आज मी सरकारी हाय."

"सरकारी माणूस चहा पीत न्हाई का बे?"

"पितो. पण मग त्याला ओल दिसत न्हाई."

मला राग आला. येणारच. पण तुझ्या मागं मागं फिरलो.

पहिल्या मजल्यावर युसूफ वडगावची एक बाई दोन लेकरांना घेऊन राहायची. नवरा हमालीला जायचा. तू दारात उभा राहून विचारलंस, "ताई, खोलीत ओल हाय का?" ती पदर सावरून म्हणाली, "कुठली ओल साहेब. दोन वर्सं झाली, ओल डोळ्यानं बघितली न्हाई. पेरलेलं वर आलंच न्हाई." तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. शेजारच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीत तेच. एक म्हातारी तर रडायलाच लागली, म्हणाली, बांधावरची बाभळसुद्धा वाळली साहेब, लिहून घ्या.

सगळ्या इमारतीला वाटलं होतं, दुष्काळाची पाहणी आलीय.

आपल्याला ते कळायला वेळ लागला नाही. नेकनूरला आपल्या लहानपणी पाहणीचे लोक आले की तुझे वडील त्यांना वावरात न्यायचे, ढेकूळ उचलून मुठीत फोडून दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, ओल न्हाई. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं कागद काढून ओल विचारली की न्हाई म्हणायचं, हे आपण बाराखडीच्या आधी शिकलो. ओल हाय म्हटलं की गाव यादीतून गेलं. शेतकऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ओल, आणि सरकारपुढं तीच लपवायची. तुझ्या कामात ओल म्हणजे दोष. शब्द तोच. जिन्यात उभं राहून आपण दोघं तोंडावर हात धरून हसलो, खोटं कशाला सांगू. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

मग दुसऱ्या मजल्यावर लिंबाजीआबाच्या खोलीत गेलो. आबा जनावरं राखणारा माणूस. जनावरं चाऱ्याच्या छावणीत होती, लेक त्यांच्यापाशी. इथं आबा, सून आणि नातवंडं. आबा खाली पाय सोडून बसला होता, पाठ भिंतीला. त्याच्या डोक्यावर खुंटीला घोंगडी टांगलेली. अर्धी भिंत झाकेल अशी पसरून टांगलेली, हे मी आजही सांगतो.

"बाबा, खोलीत ओल हाय का?"

"न्हाई साहेब. कोरडंठाक हाय."

"कुठंच न्हाई?"

"थेंबभर न्हाई. आन् साहेब, छावणीतल्या चाऱ्याचं काय झालं? लेक सांगत व्हता, दोन दिस झाले वैरण आली न्हाई."

तू चाऱ्याचं ऐकून घेतलंस. मग वाकून घोंगडीची कड उचललीस. मागची भिंत हिरवीकाळी पडली होती. तू पालथा हात लावलास, हाताला पाणी लागलं.

"मग ही काय हाय, बाबा?"

"ही व्हय," आबानं मान वळवून बघितलं, "ही भिंत हाय, साहेब."

नळाला पाणी नव्हतं, मग भिंत ओली कशानं? तू मोरीचा पडदा सारलास. आत विटांचा हौद होता. गावाकडं जनावरांना पाजायला बांधतात तसा, कमरेएवढा, काठोकाठ भरलेला. आबानं स्वतः बांधला होता. ज्या घरात हौद नाही ते घर त्याला घरच वाटत नव्हतं. टँकर आला की त्याची सून दोन जिने चढून घागरी आणायची आणि हौदात ओतायची. बाकीची बिऱ्हाडं ड्रमात पाणी ठेवायची, ह्यानं दुसऱ्या मजल्यावर हौद घातला होता. आणि तो झिरपत होता.

तू धावत खाली गेलास, वडगावच्या बाईच्या खोलीत. तिच्या छताला काठी लावलीस. भाकरीएवढा गिलावा खाली पडला आणि आत गंजलेली सळई दिसली. बरोबर त्याच्या खाली तिच्या लेकरांची वाकळ अंथरलेली होती.

मी म्हणालो, "लिही बे, भाडेकरूंची तक्रार न्हाई. सगळ्यांनी तुला तोंडानं सांगितलंय."

"तक्रार न्हाई. छत पडणार हाय."

"आन् ही माणसं जातील कुठं? गावात जाऊन धूळ खातील का?"

"खोली खाली करायला लावणं माझं काम. कुठं जातील हे चेअरमननं बघायचं."

"लई सोपं हाय बे तुझं काम."

"तुझं अवघड हाय म्हणून मी खोटं लिहू का?"

लेकरं दारात उभी राहून ऐकत होती. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. 

हौद त्याच दिवशी रिकामा करणं भाग होतं. नियमानं बघितलं तर तळाची वीट काढायची आणि पाणी मोरीतून जाऊ द्यायचं, घटकेचं काम. पण तू मोरीकडं वळलास तशी आबाची सून दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. "मला न्या साहेब कुठं न्यायचं ते. पाणी जाऊ द्यायची न्हाई." आवाज चढवला नव्हता तिनं. त्या पाण्याची घागर न् घागर तिच्या कमरेवरून वर आली होती.

तू बूट काढलेस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस. "घागर दे, ताई," म्हणालास. "सांडायचं न्हाई. खाली न्यायचं."

मग जिन्यावर माणसं उभी राहिली. दुसऱ्या मजल्यापासून गेटापर्यंत एकेका पायरीवर एकेक. वडगावची बाई, तिचा नवरा, रडणारी म्हातारी, सगळे. हौदाशी तू. गेटापाशी ड्रम गोळा करून मी, तोंडानं तुला शिव्या देत. घागर हातातून हातात उतरायची, रिकामी वर जायची. घागरीतलं पाणी डुचमळायचं. तू नोकरीतला साहेब माणूस, शर्ट पोटापर्यंत भिजला होता. मी वर बघायचो तेव्हा मला आपल्या गल्लीतला मुरल्या दिसायचा आणि मग मला शिव्या देता यायच्या नाहीत. पायरीवर सांडलेलं पाणीसुद्धा त्या सुनेनं फडक्यानं टिपून बादलीत पिळलं.

आबा सगळा वेळ जिन्याच्या कठड्याला टेकून बसला होता. रिकाम्या हौदाकडं एकदा जाऊन बघून आला. मग सुनेला म्हणाला, "साहेबाला पाणी दे. दमलाय त्यो." तिनं त्याच पाण्यातला तांब्या भरून दिला. तू सगळा प्यालास.  

नोटीस मात्र तू दिलीसच. स्लॅबची दुरुस्ती होईपर्यंत त्या दोन खोल्या खाली करा. मी वडगावच्या बिऱ्हाडाला माझ्या घरातली पुढची खोली दिली, आबाच्या बिऱ्हाडाला संस्थेचं कार्यालय. त्यापुढं आमच्या संस्थेच्या सभा जिन्यावर भरायच्या. चेअरमन सर्वांत वरच्या पायरीवर. मला वाटलं, चला, सगळ्यांचं निभलं. आणि पुढच्याच आठवड्यात तुझी दुसरी नोटीस आली. कार्यालयाचा राहण्यासाठी वापर चालू आहे, खोलीला खिडकी नाही, संडास नाही, जागा राहण्यास योग्य नाही.

मुरल्या, त्या दिवशी मी तो कागद चुरगळून गटारात टाकला होता. हे तुला कधी सांगितलं नाही. मग वाकून पुन्हा काढला, कारण त्यावर उत्तर द्यायची मुदत होती. तुझ्याशी बोलणं बंद केलं. तुझ्या गल्लीतून जायचो तर सायकलची घंटासुद्धा वाजवायचो नाही. सुमनवहिनींनी एकदा हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं केलं. रागाच्या भरातच गवंडी आणला, भिंत फोडली, खिडकी काढली, मागं संडास बांधला. एवढ्या रागानं कुणी खिडकी काढली नसेल. आबानं पहिल्याच दिवशी खिडकीपाशी बैठक मारली. तिथनं त्याला रस्ता दिसायचा, छावणीकडनं येणारा लेक लांबूनच दिसायचा.

खिडकी झाल्यावर तू आलास. आत गेलास, चारी भिंतींना पालथा हात लावलास. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसलास आणि म्हणालास, "आता चहा सांग."

मी सांगितला. काय करणार?

त्या चहावरच आपला वाद सुरू झाला. तो संपला नाही. मी म्हणालो, म्हातारा पक्का होता बे, सगळं ठाऊक असून कोरडंठाक म्हणाला. तू म्हणालास, छे, त्याला वाटलं दुष्काळाची पाहणी हाय. मी म्हणालो, मग घोंगडी कावून टांगली? तू म्हणालास, खुंटीच तिथं हाय. मी म्हणालो, उन्हाळ्यात घोंगडी लागती कुणाला? तू म्हणालास, मग त्यानं चाऱ्याचं कावून विचारलं? मग मी पुन्हा घोंगडीवर यायचो. इतकी वर्षं, कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो तरी तेच, रुग्णालयाच्या रांगेत भेटलो तरी तेच. सुमनवहिनी म्हणायच्या, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला जेवू तरी द्या.

एकदा मी नको ते बोललो. म्हणालो, "बसस्टँडमागच्या खोलीत तू काय सांगायचास मालकाला? काका, कोरडी हाय. तुला ठाऊक नव्हतं का? तू काय दुष्काळाची पाहणी समजत होतास?"

मग म्हणालास, "त्याला ठाऊक होतं असं धरलं, तर त्या दिवशी मी एका भेलेल्या माणसाची घोंगडी ओढली असं होतं."

"आन् ठाऊक नव्हतं असं धरलं, तर त्याला येडा ठरवलंस असं होतं."

तू उठून गेलास. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आलास, पण त्या गोष्टीवर आलास नाही. मला तेव्हा कळलं की हा वाद तुझ्यासाठी गमतीचा नव्हता. तरी मी तो सोडला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मग ते नारायणगडाचं. दुष्काळ सरून बरीच वर्षं झाली होती. आपण जत्रेला गेलतो. दर्शन घेऊन खाली उतरताना आबा दिसला. दात गेलेले, पाठ वाकलेली, पण ओळखलं त्यानं तुला. ओलसाहेब म्हणून मोठ्यानं हाक मारली, लोक बघायला लागले. सगळं बरं होतं त्याचं. जनावरं होती, नातू शिकत होता. त्यानं तुझ्या हातात मूठभर चिरमुरे ठेवले आणि तू, नोटिसा देणारा माणूस, लेकरासारखा त्याला विचारता झालास.

"आबा, खरं सांगा. त्या दिवशी तुमाला ठाऊक होतं का? खोलीत ओल हाय ते?"

आबानं तुझ्याकडं नीट बघितलं. तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब," म्हणाला, "तुमी इचारलं तवा कोरडंच व्हतं."

आणि हसला. बोळक्या तोंडानं इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. परतीच्या एसटीत आपण दोघंही म्हणत होतो, बघ, मी म्हणत होतो तेच खरं निघालं. बीड येईपर्यंत भांडलो. कंडक्टरनं आपल्याला गप्प बसायला सांगितलं.

तुझ्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं, लहान वयात ओल्या खोलीत झोपल्यानं होतं का हे? ते म्हणाले, आता काय सांगणार, वय झालंय, कशानंही होतं. मी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला तुझी पाठ आणि ती न्हाणीची भिंत सारखी दिसते. तू मला कोरडी जागा दिलीस आणि मी तुला हळू खोक म्हणायचो. हे तुझ्या समोर बोलायला हवं होतं. दवाखान्यात येताना दर वेळी ठरवून यायचो आणि तुझ्या खाटेपाशी आल्यावर क्रिकेटचं, नाही तर तुझ्या सुनेच्या बदलीचं बोलून परत जायचो.

शेवटच्या दिवशीची गोष्ट वहिनींना अर्धीच कळली. त्यांना वाटलं तू भ्रमात होतास. तू भ्रमात नव्हतास हे फक्त मला ठाऊक आहे.

तुझी खाट भिंतीला लागून होती. नळी नाकात, बोलताना श्वास पुरत नव्हता. वहिनी औषधाची पिशवी आवरत होत्या. मी खाटेशेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "लई त्रास हाय का बे?"

तू माझ्याकडं बघितलंस. डोळ्यांत ती जुनी खोड होती.

"न्हाई, साहेब," म्हणालास. "कोरडंठाक हाय."

मला हसू आलं. तुझ्याही ओठावर आलं. श्वास गोळा करून तू पुढचंही म्हणालास, "आन् साहेब... चाऱ्याचं काय झालं?" वहिनींनी घाबरून माझ्याकडं बघितलं. मी त्यांना हातानं सांगितलं, काही नाही.

तेव्हा मला कळलं मुरल्या. आबाला ठाऊक होतं, आणि त्याला चाऱ्याचीही काळजी होती. दोन्ही एकाच वेळी. माणसाला सगळं ठाऊक असतं आणि तरी तो कोरडं म्हणतो, कारण अजून थोडे दिवस राहायचं असतं. इतकी वर्षं मला जिंकायचं होतं. तू मला जिंकू दिलंस, आणि नको त्या वेळी.

मी हात पुढं केला. तू शिकवल्यासारखा, पालथा. तुझ्या गालाला लावला. गाल ओला होता.

तू डोळे मिटले नाहीस. म्हणालास, "काय लिहितोस?"

मी म्हणालो, "कोरडं हाय."

तू मान हलवलीस. मग हाताच्या आधारानं, नळी सांभाळत, भिंतीकडं सरकलास आणि मला बसायला जागा केलीस.